तीनशेच्या वेगावर हमीदचाचांची अक्षरं

निळ्या सॅटिनचं ते कव्हर मीच शिवलं होतं, कडेने पांढरी झालर लावून. त्या काळी परंड्यात ज्यांच्या ज्यांच्याकडे कॉम्प्युटर होता, त्या सगळ्यांनी त्याला असं झबलं शिवलं होतं. मॉनिटरला एक, कीबोर्डला एक आणि खालच्या डब्याला, म्हणजे सीपीयूला, एक. या सोमवारी दुकानाच्या माळ्यावरून तो डबा उतरवायला गेले, तर सॅटिन हातातच विरलं. आत डांबराच्या गोळ्यांचा वास होता. आणि त्याच्याखाली, अगदी तळाशी, तापलेल्या धुळीचा आणि गरम प्लॅस्टिकचा तो दुसरा वास. तो नाकात गेला आणि मी जिना उतरायचं सोडून वरच बसून राहिले. खालून सना विचारत होती, मावशी, जड आहे का, मी येऊ का वर?

सना म्हणजे हमीदचाचांची थोरली नात. बार्शीला बी.एड. करते. मागच्या आठवड्यात ती दुकानात आली ती मोबाईल पुढे धरूनच. लग्न ठरलं होतं. मोबाईलवर तिच्या मैत्रिणीने केलेलं दावतनाम्याचं कार्ड होतं, गुलाबी फुलं, सोनेरी किनार, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला उर्दू.

"छान झालंय की," मी म्हणाले.

"दादाअब्बांना पण दाखवलं. तेही छान आहे म्हणाले." मग ती म्हणाली, "पण मावशी, ते रोज सकाळी बोरू तासतात. शाई ढवळतात. कागद पुढे घेतात आणि तसंच सगळं परत ठेवून देतात."

हमीदचाचांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतो. चहाची बशी त्यांना दोन्ही हातांनी धरावी लागते. ज्या माणसाने निम्म्या तालुक्याचे दावतनामे हाताने लिहिले, त्याला घरातल्या पहिल्या नातीचा लिहिता येत नव्हता, आणि ते कुणाजवळ बोलतही नव्हते.

"मोबाईलमधलं अक्षर बरोबर असतं," सना म्हणाली, "पण ते कुणाचंच नसतं. तुमच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये त्यांचं अक्षर आहे ना?"

"आहे की," मी ठसक्यात म्हणाले. माझा स्वभावच तसा. आधी तोंड चालतं, मग डोकं. पंधरा-सोळा वर्षांत मी त्या डब्याला वीज दाखवली नव्हती, आणि सनाला कार्ड शुक्रवारी छापायला द्यायचं होतं.

आज माझं दुकान झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मांचं आहे. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, परीक्षेचे अर्ज. लोक चपला घालून थेट टेबलापर्यंत येतात, कोपर टेकवतात, स्क्रीनमध्ये डोकं घालतात. तेव्हा असं नव्हतं. तेव्हा दाराशी पाटी होती, चपला बाहेर काढाव्यात. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही असं सगळ्यांनी ऐकलेलं असायचं, आणि खेड्यातून आलेली माणसं उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावत आत यायची. मला मनातून फार बरं वाटायचं. देवळातल्या पुजाऱ्याला काय वाटत असेल ते मला त्या वयात कळलं.

खिडकीतून किल्ल्याचा एक बुरूज दिसायचा. अजून दिसतो, मध्ये एक मोबाईलचा टॉवर आलाय एवढंच. संध्याकाळी खंदकाकडून वटवाघळं निघायची. स्टँडवरून कुर्डुवाडीच्या गाडीची हाळी ऐकू यायची. मागच्या खोलीत माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पत्रिका छापायचे. रॉकेलचा आणि रंगाचा वास भिंतींना इतका मुरला होता की पावसाळ्यात भिंत ओली झाली की तोच वास परत सुटायचा. ओल्या पत्रिका दोरीवर चिमट्यांनी लावलेल्या असायच्या. त्यांच्याखालून वाकून माझ्या खोलीत यायचं.

आणि हमीदचाचा वाकूनच यायचे. हातात कापडी पिशवी, पिशवीत दौत, दोन-तीन बोरू, पिवळ्या कागदाची गुंडाळी. ते कातिब होते. उर्दू सुंदर लिहिणं हाच त्यांचा धंदा. पूर्वी त्यांचा लिहिलेला कागद सोलापूरला छापायला जायचा. आबांच्या छापखान्यात मराठी अक्षरांचे शिशाचे खिळे होते, उर्दूचा एकही नव्हता, म्हणून उर्दू बाजू चाचांच्या हाताची आणि मराठी बाजू आमची, अशी वाटणी किती तरी वर्षांची. चाचा खिडकीपाशी बसायचे. आधी हात धुवायचे, मग ओठातल्या ओठात काही म्हणायचे. दौतीत रेशमाचा बोळा असायचा, त्यावर बोरू टेकवला की हवी तेवढीच शाई वर यायची. काजळी आणि बाभळीचा डिंक घालून शाई ते घरीच करायचे. तिला पावसात भिजलेल्या लाकडाचा वास होता. बोरू कागदावरून सरकताना जो बारीक करकर आवाज यायचा, तो ऐकत मराठी खिळे जुळवायला मला फार आवडायचं. दोघं दोन दिशांनी जात असायचो, ते उजवीकडून, मी डावीकडून.

मग कॉम्प्युटर आला. बार्शीच्या शिरीषने जुळवून दिला. साडेचारशेचा वेग आहे ताई, तो सांगत होता, अख्ख्या तालुक्यात एवढा पळणारा कुणाकडे नाही. साडेचारशे म्हणजे काय ते ना आबांना कळलं ना मला, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही दोघंही सांगायचो. साडेचारशेचा आहे. माणसं मान डोलवायची.

चाचांनी दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "पोरी, ह्यात माझं अक्षर बशंल का गं?"

तो सबंध हिवाळा आम्ही त्यात घालवला. ज्वारी हुरड्यावर आली होती, सगळं गाव शेतात पळत होतं, आणि आम्ही दोघं डबा घेऊन बसलेलो. चाचांनी पिवळ्या कागदावर एकेक अक्षर तळहाताएवढं लिहिलं. ते कागद बार्शीला नेऊन शिरीषकडून स्कॅन करून आणले. मग मी माऊसने प्रत्येक अक्षराच्या कडेकडेने ठिपके टाकत त्याचं चित्र करायचं. मला उर्दू अलीफ का बे येत नव्हतं. आजही येत नाही. मी आपली दिसतं तसं नाव द्यायची. उभी रेघ म्हणजे काठी. खाली पसरट, होडीसारखी, ती नाव, खोल ती वाटी. विळा, दात, पोट, शेपूट. छोटी वाटी, मोठी वाटी, लंगडी वाटी. उर्दूत एकच अक्षर शेजार बदलला की रूप बदलतं, त्यामुळे शंभरावर तुकडे झाले आणि शेवटी शेवटी नावं सुचेनात. एकाचं नाव मी आबांचं नाक ठेवलं होतं.

पहिलं वाक्य जुळवलं ते मी एकटीनेच, चाचा नमाजाला गेले असताना. म्हटलं, आल्यावर चकित होतील. सगळी अक्षरं एका रांगेत घेतली आणि वरच्या कडेला सारखी करून टाकली. मराठीचा हात माझा, अक्षर म्हटलं की ते वरच्या रेघेला लटकलेलंच असणार. चाचा आले, चष्मा लावला आणि स्क्रीनजवळ वाकले.

"कपडे वाळत घातलेस व्हय गं?" ते म्हणाले, आणि इतके हसले की मागच्या खोलीतून आबा बाहेर आले. मग त्यांनी पेन्सिलीने स्क्रीनच्या काचेवर, काचेला न टेकवता, हवेतच दाखवलं. "ह्ये टांगून ऱ्हात न्हाय. ह्ये उतरतं. वरनं निघायचं, डाव्या अंगाला खाली खाली यायचं. बारवंत उतरतेस का न्हाय पायऱ्या पायऱ्यानं, तसं."

तेव्हापासून आमची एक भाषाच झाली. चाचा खिडकीपाशी बसून सांगायचे, "काठी दे. आता नाव. न्हाय, ती न्हाय, लांबवाली. तिच्या पोटात एक ठिपका. आता लंगडी वाटी." गिऱ्हाईकं तोंडाकडे बघत राहायची. दाराशी उभं राहून ऐकणाऱ्याला वाटावं, भांड्याचं दुकान आहे.

उन्हाळा आला, लग्नसराई आली, आणि साडेचारशेचा घोडा बसला. मराठी पत्रिका तो तासन् तास चालवायचा, पण चाचांची अक्षरं उघडली, आठ-दहा तुकडे जुळवले, की स्क्रीन जागच्या जागी थिजायची. माऊसचा बाण हलेना. कधी निळा पडदा आणि त्यावर पांढरी इंग्रजी. केलेलं सगळं जायचं. बंद करा, परत चालू करा, परत काठीपासून सुरुवात. आम्ही काय काय नाही केलं! आबांनी खिडकीला ओलं पोतं लावलं. मी डब्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन ठेवला. शिरीषने सांगितलं म्हणून आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांच्या पिवळ्या दातांवर खोडरबर घासला, तो उद्योग तर मी रोज सकाळी दात घासल्यासारखा करायची. एका गिऱ्हाइकाने नारळ फोडायला सांगितला. आबांनी फोडलाही, आणि खोबरं सगळ्यांना वाटलं. चाचा मात्र हिरमुसले होते. "माझंच अक्षर त्याला सोसंना," असं ते एकदा म्हणाले, आणि ते वाक्य मला अजिबात आवडलं नाही.

शेवटी शिरीष एका दुपारी मोटारसायकलवर आला. उन्हाने लालेलाल झालेला. त्याने डबा सुरू होता होता एक बटण दाबलं, एक निळं पान उघडलं, त्यातला एक आकडा बदलला. साडेचारशेचे तीनशे केले. तोंड पाडून म्हणाला, "ताई, ह्याला पळवायचं न्हाय. तीनशेवर चालू द्या."

मला अपमान वाटला. गावभर सांगितलेलं साडेचारशे. पण तीनशेवर तो चालला. अक्षर उघडलं की आधी त्याची कड उमटायची, बारीक केसासारखी, मग आतून काळा रंग भरत यायचा. एकानंतर एक. चाचांना ते फार आवडलं. "आता बरोबर हाय. बोरू पळवला की त्यो बी कागद खातोय," म्हणाले, आणि पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली.

त्यानंतरची वर्षं मला वर्षं म्हणून आठवत नाहीत. ऋतू म्हणून आठवतात. वैशाखात दोरीवरचे ओले दावतनामे, अत्तराचा फाया कानात घालून येणारे वधूपिते, भूमच्या बाजारातून येताना कुणीतरी आणलेला खवा, त्याचा आटलेल्या दुधाचा वास. मॉनिटर सुरू करताना काचेजवळ हात नेला की हातावरची लव उभी राहायची. वीज गेली की बॅटरीचं किंचाळणं, आणि मग ती शांतता, जिच्यात चाचांनी दाढीवरून हात फिरवल्याचाही आवाज यायचा. पावसाळ्यात काम नसायचं. मी एकटी बसून चाचांची अक्षरं उघडायची. एखाद्या वाटीचा काठ जरा खडबडीत वाटायचा, मी ठिपका सरकवायची. एखादं शेपूट उगाच आखूड वाटायचं, मी ते ओढायची. मला येत तर काही नव्हतं, पण हात लावल्याशिवाय राहवायचं नाही. बाहेर किल्ल्याच्या भिंतीवर गवत वाढत असायचं.

मग नवे कॉम्प्युटर आले, उर्दूचे तयार फॉन्ट आले, आबा गेले, दोरी काढली. चाचा येईनासे झाले. कुणी भांडलं नाही, कुणी निरोप घेतला नाही. एक दिवस मी डब्याला झबलं चढवलं आणि तो माळ्यावर नेला.

तर सोमवारी तो खाली आला. मी आणि सनाने टेबलावर मांडला, जुना जाडा मॉनिटर जोडला. बटण दाबलं तेव्हा आम्ही दोघीही जरा मागे सरकलो. पंखा कण्हत कण्हत फिरायला लागला, एक बीप झाला, आणि काळ्या काचेवर पांढरी अक्षरं उजळली. सनाने टाळ्या वाजवल्या. मी तारीख बघत होते. त्याच्या जन्मवर्षातली एक जानेवारी. मधलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या हिशोबाने आबा मागच्या खोलीत होते.

मी काठी उघडली. आली. नाव आली. वाटी अर्धी काळी झाली आणि बाण थिजला.

सोमवार त्यात गेला, मंगळवार गेला. झाकण काढलं, धूळ झाडली, खोडरबर आणला. सना हसायला लागली, म्हणाली, "मावशी, खरंच खोडरबर?" पण दहा मिनिटांनी तीही बाह्या सारून पट्ट्या घासत होती. पंखा लावला, मॉनिटर बदलून पाहिला. प्रत्येक वेळी आठ-दहा तुकड्यांवर निळा पडदा. बुधवारी ती आतली डिस्क घेऊन बार्शीला गेली, मैत्रिणीच्या लॅपटॉपला लावून पाहिली. दुपारी तिचा फोन आला.

"मावशी, नावं दिसताहेत. काठी, नाव, विळा. हे आबांचं नाक म्हणजे काय?"

"उघडतंय का?"

"नाही. उघडणारा प्रोग्रामच कुठे नाही आता."

तो प्रोग्राम फक्त त्या डब्यातच चालायचा, त्याच्या मागच्या बाजूला पेनड्राइव्हसारखं एक काळं कुलूप खोचलेलं असायचं, त्याशिवाय नाहीच. म्हणजे अक्षरं होती, सगळी होती, आणि बाहेर येत नव्हती. सना म्हणाली, "जाऊ द्या मावशी. मोबाईलवालंच छापू. दादाअब्बांना मी काही सांगितलेलं नाही." तिचा आवाज इतका समजूतदार होता की मला रडू आलं. समजूतदार मुलींपुढे माझा जीव फार लवकर घायकुतीला येतो.

मी शिरीषला फोन लावला. तो आता कॅमेरे बसवतो, मोठा धंदा आहे. आधी त्याला काही आठवेना, मग तो ओरडलाच. "ताई, त्यो डबा अजून हाय?"

सगळं ऐकून घेतल्यावर त्याने एकच विचारलं. "तारीख बरोबर दाखवतोय का?"

"नाही. जन्मवर्षाची एक जानेवारी."

"मग बॅटरी मेली आतली. रुपयाएवढी गोल असती बघा. ती मेली की त्यो समदं विसरतो." मग तो म्हणाला, "आपण त्याला हळू केलं हुतं न्हवं? ते बी विसरला आसंल."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या डब्याकडे बघत बसले. सोळा वर्षं झोपून उठलेला तो बिचारा, पुन्हा साडेचारशेने धावत सुटला होता, आणि दर वेळी त्याच खड्ड्यात पडत होता. घड्याळवाल्याकडून तसली बॅटरी आणली. सना परत आली, डिस्क जागेवर लावली. सुरू होता होता बटण दाबलं. ते निळं पान उघडलं, तस्संच. आकडा साडेचारशे. मी तीनशे केला.

काठी आली. नाव आली. वाटीची कड उमटली, बारीक केसासारखी, आणि आतून काळा रंग भरत भरत पार काठापर्यंत गेला. विळा, दात, पोट. वीस तुकडे झाले, तीस झाले. सना माझ्या खांद्याला घट्ट धरून उभी होती आणि दर तुकड्याला श्वास सोडत होती.

गुरुवारी दुपारी तिने चाचांना स्कूटीवर बसवून आणलं. कशासाठी ते सांगितलं नव्हतं. चाचांनी दाराशी चपला काढल्या. आता कुणीच काढत नाही. उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरलेला. आत आले, टेबलावरचा डबा पाहिला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"चालतोय?"

"तीनशेवर, चाचा."

ते खिडकीपाशी बसले. सनाने खिशातून दुमडलेला कागद काढून दिला, त्यावर मजकूर होता. त्यांनी तो वाचला. नातीच्या नावापाशी डोळे थांबले असावेत, कारण कागद मधूनच गुडघ्यावर ठेवला आणि चष्मा पुसला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चल. दात दे."

दोन तास आम्ही कार्ड जुळवलं. माझे हात आधी चुकत होते, मग ते आपोआप चालायला लागले. लांबवाली नाव. लंगडी वाटी. आबांचं नाक म्हटल्यावर चाचा आणि मी एकदमच हसलो. एकदा मध्येच बाण थांबला. पंखा फिरत होता, स्टँडवरून हाळी येत होती. मग काळा रंग पुन्हा हलला. सना जुळलेलं मोठ्याने वाचत होती.

पुरं झालं. आता प्रिंट काढून ती शुक्रवारी छापायला द्यायची एवढंच राहिलं होतं. चाचा खुर्ची ओढून काचेजवळ आले. खूप वेळ बघत राहिले. मग डाव्या हाताचं बोट एका शेपटाखाली नेलं.

"ह्ये मी असं उचलत न्हवतो."

"काय चाचा?"

"ह्ये बघ. ही वाटी बी. काठ असा पातळ माझा न्हाय." दुसऱ्या, तिसऱ्या अक्षराखाली बोट गेलं. "ह्ये माझं अक्षर न्हाय, पोरी."

पावसाळ्यातल्या त्या रिकाम्या दुपारी सरकवलेला एकेक ठिपका डोळ्यासमोर आला. मी सगळं कबूल केलं. काम नसायचं, उघडून बसायची, खडबडीत वाटलं की हात लावायची, आणि एक ठिपका हलवला की शेजारचा हलवावा लागायचा. जुनं काहीच ठेवलं नव्हतं. सनाने चेहरा खिडकीकडे वळवला होता. चार दिवस राबून मी तिला तिच्या आजोबांचं अक्षर काढून दिलं होतं आणि ते त्यांचं नव्हतंच. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "थोडं ऱ्हायलंय. खाली, डाव्या कोपऱ्यात. बारीक कर."

मी मान खाली घालून बारीक केलं. ते सांगत गेले, मी देत गेले. दोन तुकडे, तीन तुकडे, एक ठिपका वर. मला वाटलं त्यांचं नाव असेल. त्यांनी हाताने लिहिलेल्या कागदांवर ते त्याच जागी असायचं.

सना वाचायला वाकली आणि तशीच राहिली. "दादाअब्बा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मावशी, हे तुमचं नाव आहे."

"आमच्या उस्तादांनी मला सात वर्सं कागदाखाली माझं नाव लिवू दिलं न्हाय," चाचा काचेकडेच बघत सांगू लागले. "म्या जीव तोडून हुबेहूब त्यांच्यावानी लिवायचो. न्हाय म्हणायचे. एक दिस माझं शेपूट माझं माझं वळलं. मला वाटलं आता मारत्यात. तर म्हणले, आता खाली तुझं नाव लिव." थरथरणारा हात त्यांनी मांडीवर दाबून धरला. "घरात कुणी बोरू धरला न्हाय. म्या म्हटलं, चला, माझ्यापाशीच थांबलं ह्ये. अन् हिकडं तू बसलीस की पावसाळाभर."

"पण चाचा, मला वाचताच येत नाही."

"वाचायला सना हाय की."

"सनाला तुमच्या हातचं पाहिजे होतं."

"मग कुणाच्या हातचं हाय? सना, तुझ्या मावशीच्या नावाम्होरं काय लिवलंय, वाच गं."

सनाने वाचलं, "शागिर्द-ए-हमीद. हमीदची शिष्या." चाचांनी ते दोन शब्द तिला पुन्हा म्हणायला लावले. मी रडत होते, चांगली आवाज करून रडत होते, आणि दाराशी झेरॉक्सला आलेला माणूस अवघडून परत गेला.

थोड्या वेळाने चाचा म्हणाले, एकदा पहिल्यापासून दाखव. मी फाईल बंद करून पुन्हा उघडली. वरून, उजवीकडून, एकेक अक्षर उतरत आलं, आधी कड, मग काळं. कोपरा सगळ्यात शेवटी भरला. मी त्या बारीक अक्षरांकडे बघत होते आणि त्यातलं माझं नाव कुठून सुरू होतं तेही मला कळत नव्हतं. सनाने माझं बोट धरलं, काचेवर उजव्या टोकाला टेकवलं, आणि हळूहळू डावीकडे नेत मला ते वाचून दाखवलं.